नऊशे ग्रॅम

"म्हणा, मामा. 'ही वस्तू पाहताक्षणी खोटी वाटते.'"

मामांनी टेबलावरच्या मेणाच्या द्राक्षांचा घड उगाच सरळ केला.

"पाहताक्षणी नाही हो वाटत," ते म्हणाले. "हातात घेतल्यावर कदाचित. तेही सगळ्यांना नाही."

वकीलबाईंनी फाइल मिटली. नाटक कंपनीच्या सामानाच्या खोलीत त्या तिसऱ्यांदा आल्या होत्या. बसायला मोकळी जागा एकच, ती म्हणजे सिंहासन. त्यावर अंग चोरून बसल्या होत्या. एका बाजूला तलवारींचा भारा, दुसऱ्या बाजूला टेलिफोनांची रास, आणि त्यातला एकही कधी वाजलेला नाही.

"परवा साक्ष आहे. तिथं असं बोललात तर तुमचे मित्र सात वर्षं आत जातील. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग म्हणा. खेळणं आहे. भिकार आहे."

"खेळणं आहे," मामा म्हणाले. मग त्यांनी घडातलं एक द्राक्ष पुसलं. "भिकार म्हणायलाच पाहिजे का?"

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. खरं पिस्तूल दाखवून कुणाला धमकावलं तर किमान सात वर्षं. साधं खेळणं दाखवून धमकावलं तर वर्ष-दीड वर्ष, आणि आरोपीचे अकरा महिने आत जाऊन झालेच आहेत. पण खोटं असूनही ते हुबेहूब खऱ्यासारखं असेल, समोरच्याला खरंच वाटावं असं असेल, तर कायदा त्याला खरंच धरतो. पुन्हा सात.

"म्हणजे ते खोटं आहे यावर कुणाचंच दुमत नाही," बाई म्हणाल्या. "भांडण एवढंच, की किती खोटं आहे. आणि ते तुमच्याशिवाय कोण सांगणार? बनवलंत तुम्ही."

मामांनी मान डोलावली. बाई गेल्यावर ते भिंतीवरच्या फळीसमोर उभे राहिले आणि हळू आवाजात, कुणी ऐकत नाही हे बघून, म्हणाले, "भिकार." त्यांना ते पटलं नाही.

मामा तसे कुणाचेच मामा नव्हते. तीस वर्षांपूर्वी एका नटीच्या पोराने हाक मारली आणि ती चिकटली. नाटकात ज्याच्या-त्याच्या हातात जे जे येतं ते बनवायचं, द्यायचं, परत घ्यायचं आणि जागेवर लावायचं, हे त्यांचं काम. भिंतभर फळी होती आणि फळीवर प्रत्येक वस्तूची पांढऱ्या रंगाने काढलेली बाह्यरेषा. रात्री कंदील कंदिलाच्या रेषेत, कात्री कात्रीच्या रेषेत. एक नजर टाकली की काय परत आलं नाही ते कळायचं.

या कामात माणसं फार लवकर उघडी पडतात. दानशूर राजाचं काम करणारा नट आठ वर्षांत मामांची चार पेनं घेऊन गेला होता. सोशिक सुनेचं काम करणाऱ्या बाई रागाच्या प्रसंगात एक कप फोडायचा असताना दोन फोडत. घरचं कुणीतरी आठवत असावं. आंधळ्याचं काम करणारा मात्र काठी परत देताना तिला ओरखडा कुठे पडला ते अचूक दाखवायचा. मामा बोलत काही नसत. मनातल्या मनात ज्याच्या-त्याच्या नावापुढे एक टिंब देत आणि पुढच्या वेळी जुनी वस्तू काढत.

इन्स्पेक्टरच्या नावापुढे टिंब नव्हतं.

हे इन्स्पेक्टरही पोलिसातले नव्हेत. एकाच नाटकात एकच काम अकराशे बेचाळीस वेळा केल्यावर माणसाचं काय उरतं? वाणी त्यांना इन्स्पेक्टर म्हणायचा, न्हावी इन्स्पेक्टर म्हणायचा, खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं होतं. मामा देतील ती वस्तू पुसून परत द्यायची, ही त्यांची रीत. आणि मामांनी आयुष्यात सगळ्यात मन लावून बनवलेली वस्तू याच माणसासाठी बनवली होती.

नळी सायकलच्या पंपाची. मूठ मोडक्या खुर्चीच्या पायाची. घोड्याची स्प्रिंग छत्रीतली. गोळ्यांचं सहा घरांचं चाक तेवढं लेथवर कातून आणलेलं. पहिल्यांदा बनवलं तेव्हा दिसायला सुरेख, पण हातात पाखरासारखं हलायचं. इन्स्पेक्टरनी ते तालमीत एकदा रोखलं आणि खाली केलं.

"मामा, हे घेऊन मी कुणाला घाबरवू? माझाच हात हसतोय."

मामांनी मूठ पोखरली आणि आत शिसं ओतलं. एकदा कमी झालं, एकदा जास्त. तिसऱ्यांदा काट्यावर बरोबर नऊशे ग्रॅम. मग हात जरासा खाली ओढला गेला, हातामागून खांदा, खांद्यामागून आवाज. इन्स्पेक्टरचं काम त्या दिवशी उभं राहिलं. पेपरात त्यांच्या आवाजाची तारीफ आली. शिशाचं नाव कुणी काढलं नाही, आणि मामांनी ते कधी काढायला लावलंही नाही; पण कात्रण मात्र त्यांनीच कापून ठेवलं.

तिसऱ्या अंकात त्या पिस्तुलातून आवाजाची टिकली उडायची. त्याआधी दुसऱ्या एका नाटकात जुनी टिकली पिस्तुलाच्या चाकात राहून गेली होती, पहिल्याच अंकात उडाली आणि एका नटाचा गाल भाजला. तेव्हापासून मामांनी नियम केला. पिस्तूल देताना तोंड जमिनीकडे. चाक उघडायचं, उजेडाकडे धरायचं, सहाही घरं फिरवून दाखवायची आणि म्हणायचं, "रिकामं." घेणाऱ्याने डोळ्यांनी बघायचं आणि म्हणायचं, "पाहिलं." हे दोन शब्द झाल्याशिवाय पिस्तूल हातातून हातात जायचं नाही, मग बाहेर पडदा वर गेला तरी बेहत्तर. अकराशे बेचाळीस प्रयोग, अकराशे बेचाळीस वेळा. दोघांच्या बायका म्हणत, घरी एवढी उत्तरं वेळेवर मिळाली असती तर सोनं झालं असतं.

मध्ये सरकारी हुकूम निघाला होता. खोट्या पिस्तुलांच्या नळीला बोटभर रुंदीचा केशरी पट्टा हवा. मामांनी पट्टा मारला आणि तोंड वाकडं केलं. दहाव्या रांगेतून गाजर दिसत होतं. म्हणून प्रयोगाआधी पट्ट्यावर काळं बूटपॉलिश लावायचं आणि प्रयोग संपला की चिंधीने पुसायचं, असं त्यांनी ठरवलं. तेही चुकलं नाही कधी.

एकदाच चुकलं. नाटक बंद झालं त्या शेवटच्या प्रयोगानंतर सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते आणि इन्स्पेक्टर विंगेत पिस्तूल घेऊन नुसते उभे होते.

"मामा, आज परत द्यायला हात होत नाही रे."

"मग नको देऊस," मामा म्हणाले.

कंपनीच्या देण्याघेण्याच्या वहीत 'दिलं' असं लिहिलेलं होतं, त्यापुढे 'परत' लिहिलं गेलं नाही. पट्ट्यावरचं पॉलिशही तसंच राहिलं. फळीवरच्या पिस्तुलाच्या रेषेत मामांनी दुसरं काही अडकवलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी इन्स्पेक्टरच्या बायकोच्या पोटात गाठ निघाली. तपासणीशिवाय पुढचं काही ठरेना, आणि तपासणीच्या तारखा इस्पितळातल्या एका खिडकीवर मिळत. खिडकीवरच्या बाईंनी तारीख दिली ती आठ महिन्यांनंतरची. इन्स्पेक्टर तीनदा जाऊन आले. चौथ्यांदा जाताना त्यांनी कोट घातला. खिडकीत हात घालून पिस्तूल काउंटरवर ठेवलं, त्यावर तळवा टेकला आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या त्या आवाजात म्हणाले, "तारीख बदला."

बाई उंच स्टुलावरून मागे पडल्या. मनगट मोडलं. इन्स्पेक्टरनी पिस्तूल तिथंच टाकलं, आत धावत जाऊन बाईंना उठवायला लागले, तर बाई आणखीच किंचाळायला लागल्या. मग ते बाकावर जाऊन बसले आणि पोलीस येईपर्यंत बसूनच राहिले. पकडायला आलेल्या हवालदाराने नाटक दोनदा पाहिलं होतं. त्याने आधी सलाम केला आणि मग बेडी घातली.

वहिनींचा केसपेपर काउंटरवर होता, तो पुरावा म्हणून जप्त झाला. केसपेपर नाही म्हणून आठ महिन्यांनंतरची तारीखही गेली.

तुरुंगात भेटायला गेले तेव्हा मामांनी आधी तब्येत विचारली नाही.

"नेलंस कशाला ते?"

"अरे, तीनदा गेलो. शर्टपँटमधला म्हातारा. बाई मान वर करून बघायच्या पण नाहीत. म्हटलं, इन्स्पेक्टर गेला तर बघतील."

"मग, बघितलं?"

"बघितलं." इन्स्पेक्टर जाळीच्या पलीकडे आपल्या हातांकडे बघत होते. "त्या पडल्या ना, तेव्हा कळलं मला. इथं पडदा नाहीये."

"तोंड कुठं होतं?"

"कुणाचं?"

"पिस्तुलाचं."

इन्स्पेक्टरनी हात जाळीखाली घेतले. "त्यांच्याकडे," ते म्हणाले.

इन्स्पेक्टरच्या नावापुढे पहिलं टिंब त्या दिवशी पडलं. परत येताना मात्र बसमध्ये त्यांना वाटलं, पॉलिश न पुसणाऱ्याच्या नावापुढे काय द्यायचं, ते कुणाला विचारायचं?

साक्षीच्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर बसले. वहिनी आत पहिल्या रांगेत होत्या. त्यांना खुर्चीतून उठायला दोघांचा आधार लागे, तरी आल्या होत्या. "भाऊजी," त्या आत जाताना म्हणाल्या होत्या, "यांना एवढं घरी आणा. मग माझं मी बघते."

थोड्या वेळाने आतून एक बाई साक्ष देऊन बाहेर आल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. पन्नाशीच्या, साध्या, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. उजवं मनगट जरा वाकडं जुळलेलं होतं. मामांनी ओळखलं आणि नजर जमिनीला लावली.

"तुम्ही पण याच केसमध्ये?" बाईंनी विचारलं.

"हो."

"इस्पितळातून आलात?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण मामांना खोट्या वस्तूंची सवय होती, खोट्या वाक्यांची नव्हती; ती कायम दुसऱ्यांनी म्हटली. "मी बनवलं ते," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हातांकडे. मामांना वाटलं, आता उठून जातील. त्या उठल्या नाहीत.

"वजन आहे का हो त्याला?"

"नऊशे ग्रॅम."

"वाटलंच." बाईंनी पर्सची चेन ओढली, पुन्हा लावली. "त्यांच्याकडे मी बघितलंच नव्हतं. खाली रजिस्टरमध्ये बघत होते. काउंटरवर आवाज आला. जड. ठक् असा. मान वर करायच्या आधीच कळलं, खरं आहे. खोट्या वस्तूचा असा आवाज येत नाही."

वीस वर्षांत कुणी शिशाचं नाव काढलं नव्हतं. पेपरवाल्यांनी नाही, दिग्दर्शकाने नाही, बायकोने तर नाहीच. मामांच्या छातीत एक ऊब आली, कौतुकाची. ती काय आहे हे लक्षात आल्यावर मामांना स्वतःची किळस आली.

"मूठ पोखरून शिसं ओतलंय आत," ते तरीही म्हणाले.

"हो का," बाई म्हणाल्या. "चांगलं बनवलंत."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"अजून खिडकीवर बसता?" मामांनी विचारलं.

"नाही. आत फायलींना बसते. खिडकीवर कुणी काही ठेवलं ना, डबा, छत्री, तरी लघवी होते मला." हे त्यांनी बस चुकली म्हणावं तशा सुरात सांगितलं. "सत्तावीस वर्षं बसले खिडकीत. आठ महिन्यांच्या खालची तारीखच नव्हती हो. असती तर दिली नसती का? त्यांना सांगा हवं तर."

मामा काही बोलणार, तेवढ्यात आतून पुकारा झाला.

वकीलबाईंनी सुरुवात छान केली. पंप, खुर्चीचा पाय, छत्रीची स्प्रिंग. एकेक नाव निघालं तसं कोर्टात थोडं हसू फुटलं. न्यायाधीशांनीही चष्मा पुसायच्या निमित्ताने मान खाली घातली. मामा नीट उत्तरं देत होते. आरोपीच्या पिंजऱ्यात इन्स्पेक्टर उभे होते, गालफडं बसलेली, पण पाठ ताठ.

"नळीवरचा केशरी पट्टा काळ्या पॉलिशने झाकलेला होता. तो कुणी झाकला?"

"मी."

"आरोपीने नाही?"

"नाही. शेवटच्या प्रयोगाला मी लावलं, पुसायचं राहिलं. चूक माझी."

हे मामांनी न अडखळता सांगितलं. कंपनीकडून त्याबद्दल काय ऐकावं लागेल ते त्यांना ठाऊक होतं. वहिनींनी पदराने डोळे टिपले. वकीलबाईंचा चेहरा उजळला, आणि त्या उजेडातच त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला.

"मामा, तुमच्या मते ही वस्तू कशी आहे?"

"खेळणं आहे," ते म्हणाले. "भिकार आहे. पोरसुद्धा ओळखेल."

झालं. म्हणून झालं. परवापासून घशात अडकलेलं एकदाचं बाहेर पडलं आणि आभाळ कोसळलं नाही. मामांनी इन्स्पेक्टरकडे पाहिलं. इन्स्पेक्टरनी भुवई किंचित वर केली. वाक्य बरं पडलं की ती भुवई अशी वर जायची.

सरकारी वकील उठले. ठेंगणे, खोकल्याची गोळी चघळणारे, घाई नसलेले गृहस्थ. त्यांनी मामांना फार प्रश्न विचारायचे नाहीत असं ठरवलेलं दिसत होतं.

"एवढंच," ते म्हणाले. "पुराव्यातली वस्तू हीच का, तेवढं सांगा. लांबून नको. हातात घेऊन नीट बघून सांगा."

हवालदाराने सील तोडलं, कापड सोडलं आणि पिस्तूल मामांच्या हातात दिलं.

तीन वर्षांनी ते हातात आलं होतं. नऊशे ग्रॅमने हात जरासा खाली गेला, हातामागून खांदा. नळीचं तोंड आपसूक जमिनीकडे वळलं. बोट घोड्यापासून लांब, बाजूला. अंगठ्याने खटका दाबला, चाक उघडं पडलं. मामांनी ते खिडकीच्या उजेडाकडे धरलं आणि फिरवलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

"रिकामं," ते म्हणाले.

"पाहिलं," पिंजऱ्यातून इन्स्पेक्टर म्हणाले.

ठणठणीत आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत.

वकीलबाईंनी डोळे मिटले. सरकारी वकिलांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"काय बघितलंत, मामा?"

"काही नाही. सवय."

"कसली सवय?"

"आत काही राहिलंय का, ते बघायची."

"खेळण्यात?"

मामांनी चाक मिटलं.

"बरं, तोंड जमिनीकडे का धरलंत?"

याचं उत्तर वकीलबाईंनी शिकवलेलं नव्हतं, कारण हा प्रश्न कुणाला सुचला असता? मामांनी समोर पाहिलं. वहिनी होत्या, हवालदार होता, लिहिणारा कारकून होता. दाराच्या फटीत वाकड्या मनगटाच्या बाई उभ्या होत्या, आत न येता.

"समोर माणसं आहेत म्हणून," ते म्हणाले.

"आणखी काही विचारायचं नाही, साहेब," सरकारी वकील म्हणाले आणि बसले.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. न्यायाधीशांनी वाचून दाखवलं, की ज्याने ही वस्तू स्वतःच्या हाताने बनवली तो माणूससुद्धा ती हातात घेताना ती खरी असल्यासारखाच वागतो, आणि आरोपीही तिला तसंच ओळखतो. मग खिडकीमागे बसलेल्या बाईंनी तिला खेळणं समजावं अशी अपेक्षा कायदा करू शकत नाही. सात वर्षं. गेलेले महिने वजा.

इन्स्पेक्टरना बाहेर नेताना मामा आडवे गेले. हवालदाराने, तोच नाटक पाहिलेला, अर्धा मिनिट दुसरीकडे बघितलं.

"मी..." मामांनी सुरुवात केली.

"गप रे," इन्स्पेक्टर म्हणाले. "तू क्यू दिलास, मी वाक्य घेतलं. उभ्या जन्मात क्यू सोडलाय का मी?" ते हसले, आणि मग हसू मध्येच थांबवता येईना तसं थोडा वेळ चेहऱ्यावर राहिलं. "हिला रिक्षाने ने. बसचे धक्के सोसत नाहीत तिला."

मामांनी वहिनींना रिक्षाने नेलं. वाटेत खिडकीवरच्या बाईंचा निरोप द्यायचा राहून गेला हे त्यांना आठवलं, पण तो वहिनींना सांगण्यात अर्थ नव्हता. दाराशी उतरताना वहिनी म्हणाल्या, "तुम्ही दोघं अगदी एकाच वेळी बोललात, भाऊजी. मला क्षणभर वाटलं, प्रयोगच चाललाय."

त्या पाच महिन्यांनी गेल्या. इन्स्पेक्टरना दोन तासांसाठी आणलं होतं, सोबत दोन शिपाई. मामा शेजारी उभे होते.

आणखी काही दिवसांनी पोलिसांच्या मालखान्यातून कंपनीला पत्र आलं. निकाल लागलेल्या खटल्यांतली जप्त हत्यारं नष्ट करायची आहेत. वहीप्रमाणे ही वस्तू कंपनीच्या मालकीची दिसते, तरी प्रतिनिधीने हजर राहून सही करावी. 'परत' लिहिलेलं नव्हतं ना. कंपनीने मामांना पॉलिशबद्दल लेखी समज दिली होती, त्याच साहेबांनी हे पत्रही त्यांच्याकडे सरकवलं.

मालखान्याच्या मागे अंगणात एक लोखंडी ठोकळा होता आणि घणवाला माणूस. शेजारी खऱ्या पिस्तुलांची लहानशी रास. कारकुनाने यादी वाचली. मामांच्या वस्तूसमोर 'नकली पिस्तूल' असं टाइप केलेलं होतं. त्यातलं 'नकली' शाईने खोडून वर कुणीतरी 'हत्यार, एक' लिहिलं होतं. मामांनी सही केली.

"जरा बघू," ते म्हणाले.

"बघा की. तुमचंच आहे," कारकून म्हणाला आणि घड्याळ बघायला लागला.

मामांनी पिस्तूल घेतलं. नळीवरचं पॉलिश आता निघत चाललं होतं, खालून केशरी दिसत होतं. त्यांनी तोंड जमिनीकडे केलं, खटका दाबला, चाक उघडलं. उन्हाकडे धरून सहाही घरं सावकाश फिरवली.

"रिकामं," ते म्हणाले.

घणवाला त्यांच्याकडे बघत राहिला. कारकुनाने यादीवर खूण केली. पलीकडच्या रस्त्यावरून एक गाडी गेली.

मामा उत्तराला लागतो तेवढा वेळ थांबले. त्याहून थोडा जास्त. मग त्यांनी चाक मिटलं आणि पिस्तूल ठोकळ्यावर ठेवलं. ठक् असा आवाज झाला. ठेवल्यावर पुन्हा हात पुढे करून त्यांनी ते जरासं वळवलं, तोंड भिंतीकडे येईल असं, आणि दोन पावलं मागे सरले.